दोन केंब्रिज

परदेशीं शिकावयास गेलेला विद्यार्थी म्हटला म्हणजे आपल्याकडील मागच्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभें राही. मुंबईचा धक्का, गळ्यांत पुष्पहार, आईच्या डोळ्यांत पाणी. आणि तीन-चार वर्षांनीं त्याच धक्क्यावर उतरणारा बॅरिस्टर अथवा सिव्हिल सर्व्हंट. तो तिकडे दिवस कसे काढीत होता, सकाळीं उठून कोठें जात होता, त्याचे हात कशाला लागले, हें फारसें कोणी विचारीत नसे. तो काय होऊन आला, एवढेंच पाहिलें जाई.

या चित्रांत न बसणारीं दोन उदाहरणें एकाच मुलुखांत आणि जवळजवळ एकाच वेळीं घडलीं. सातारा व सांगली अशा दोन नांवांनीं आज जो प्रदेश ओळखला जातो, तो त्या काळीं सातारा जिल्हा आणि त्याच्या आसपास विखुरलेलीं औंध, सांगली, मिरज, फलटण, जत अशीं संस्थानें मिळून झालेला होता. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. १९२० नंतरच्या पांच-सात वर्षांत या प्रदेशांतले दोन तरुण केंब्रिज नांवाच्या गांवीं शिकत होते. त्यांची गांठ पडण्याचा मात्र संभव नव्हता. एकाचें केंब्रिज इंग्लंडांत कॅम नदीच्या कांठीं, दुसऱ्याचें अमेरिकेंत चार्ल्स नदीच्या कांठीं, आणि मध्यें सारा अटलांटिक महासागर! पहिले सातारचे गणेश सखाराम महाजनी. दुसरे किर्लोस्करवाडीचे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

शंतनुरावांची हकीकत समजण्यास आरंभ त्यांच्या वडिलांपासून करावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकलेच्या ओढीनें ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें दाखल झाले. पण कांहीं रंगांतला भेद आपल्या डोळ्यांस कळत नाहीं, असें आढळल्यावर त्यांनीं रंगांचा नाद सोडला, यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय ते शिकवूं लागले. बढतीच्या वेळीं आपल्याला डावलून दुसऱ्यास पुढें केलेलें पाहून त्यांनीं ती नोकरी सोडली. बेळगांवास बंधु रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांचें सायकलींचें दुकान होतें. सायकल त्या काळीं सातशें ते हजार रुपयांस विकली जाई, आणि ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे पडत! पुढें कडबा कापण्याचें यंत्र आणि मग लोखंडी नांगर निघाला. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. एवढ्यांत बेळगांवांतील कारखान्याची जागाच सोडावी लागली. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊन या माणसास आपल्या संस्थानांत बोलावून घेतलें. १९१० च्या मार्चांत लक्ष्मणराव त्या माळावर आले, तेव्हां तेथें निवडुंग आणि साप यांचें राज्य होतें. शंतनुरावांना त्या वेळीं सातवें वर्ष चालू होतें.

याचा अर्थ असा कीं, हा मुलगा ओतकामाच्या धुरांत वाढला. पहिल्या महायुद्धांत परदेशी माल येणें दुर्मिळ झालें आणि स्वदेशी नांगरास गिऱ्हाईक वाढलें. १९२० सालीं कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढलें, आणि नांगराच्या गिऱ्हाइकांबरोबर वाचकांचाही एक वर्ग या वाडीशीं जोडला गेला. बाहेरून पाहणारास सर्व कांहीं भरभराटीचें दिसत होतें. परंतु लक्ष्मणरावांची स्वतःची सारी विद्या हातानें करून, चुकून आणि अमेरिकन यांत्रिक मासिकें व मालाच्या याद्या वाचून मिळविलेली होती. त्यांच्याजवळ कोणत्याही विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. नांगराचा फाळ ओतण्यास एवढें ज्ञान पुरलें. पण पाणी उपसण्याचा पंप किंवा इंजिन करावयाचें, तर पाण्याची गति, वाफेचा दाब, लोखंडाची ताकद यांचें गणित यावयास हवें होतें, आणि तें पाहून-पाहून येणारें नव्हतें. १९२२ सालीं लक्ष्मणरावांनीं आपला मुलगा शंतनु आणि पुतण्या माधव या दोघांना अमेरिकेस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत पाठविण्याचें ठरविलें.

अमेरिकाच कां, असा प्रश्न त्या वेळीं अनेकांच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं. राज्य इंग्रजांचें, नोकऱ्या इंग्रजांच्या हातीं, तेव्हां पदवीही विलायतेचीच हवी, हा साधा हिशेब होता. पण हा हिशेब नोकरी मागणाराचा झाला. ज्याला परत येऊन आपल्याच भट्टीपुढें उभें राहावयाचें, त्याला सरकारी पसंतीच्या पदवीचा उपयोग काय? इकडे पुण्याचें इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासून चालू होतें. परंतु त्याचा मुख्य हेतु सार्वजनिक बांधकाम खात्यास माणसें पुरविण्याचा होता. रस्ते, पूल, कालवे यांची विद्या तेथें चांगली मिळे. यंत्र तयार करणाऱ्या कारखानदाराची विद्या मिळत नसे. शिवाय बोस्टनच्या या संस्थेचें नांव महाराष्ट्रास अगदींच नवें नव्हतें. पुण्याचे केशव मल्हार भट हे १८८२ सालींच तेथें विद्यार्थी म्हणून गेले होते. त्या संस्थेंत शिकलेले ते पहिले हिंदी गृहस्थ समजले जातात. १८८४ च्या सुमारास पुण्याच्या 'मराठा' पत्रानेंही या संस्थेचा आदर्श हिंदुस्थानानें डोळ्यांपुढें ठेवावा, असा पुरस्कार केला होता. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी पुण्यांत पेरलेला एक विचार कुंडलच्या माळावर उगवला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा प्रवास आजच्या माणसास कळणें कठीण आहे. कुंडल रोडवरून अरुंद रुळांची मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची गाडी पकडावयाची. पुण्यास ती सोडून रुंद रुळांच्या जी. आय. पी. च्या गाडींत बसावयाचें आणि घाट उतरून मुंबई गांठावयाची. सातारचा माणूस तर त्याहून अडचणींत; आगगाडी गांवापर्यंत येतच नसे, आधीं सातारा रोड स्टेशन गांठावें लागे. मुंबईस आगबोट चढल्यावर नेहमींचा मार्ग म्हणजे एडन, तांबडा समुद्र, सुएझचा कालवा आणि पोर्ट सैद. लंडनपर्यंत समुद्रानें जाण्यास सुमारें तीन आठवडे लागत. घाई असणारे मार्सेल्सला उतरून आगगाडीनें फ्रान्स ओलांडीत. इंग्लंडच्या विद्यार्थ्याचा प्रवास येथें संपे. अमेरिकेच्या विद्यार्थ्यास मात्र पुन्हां दुसरी बोट पकडून आठवडाभर अटलांटिकवर काढावा लागे, आणि पुढें परदेशी उतारूंची वैद्यकीय तपासणी व कागदपत्रांची चौकशी असे. घरून लिहिलेलें पत्र त्याच्या हातीं पडण्यास महिन्याहून अधिक काळ जाई आणि उत्तर येण्यास तितकाच. एखाद्या दुखण्याची बातमी घरीं पोंचे, तेव्हां तें दुखणें बरें झालेलें असे, नाहींतर हाताबाहेर गेलेलें असे.

संस्थेची मूळ स्थापना १८६१ ची; बोस्टनमधील जुनी जागा सोडून १९१६ सालीं ती नदीपलीकडे केंब्रिजला आली होती. पांढऱ्या दगडाची ती नवी इमारत, मधोमध घुमट, आणि भिंतींच्या माथ्यावर अॅरिस्टॉटल, आर्किमिडीज, न्यूटन, फॅरडे यांचीं नांवें कोरलेलीं. बोस्टनकडून येणारा पूल थेट या संस्थेच्या दारापाशीं उतरतो, पण त्याला नांव मात्र शेजारच्या हार्वर्डचें आहे. 'टेक'च्या विद्यार्थ्यांनीं या गोष्टीवर पिढ्यान्-पिढ्या विनोद केले आहेत. विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें थोडीं होतीं. पुष्कळांना भाड्याच्या खोल्यांत राहावें लागे. हिंवाळ्यांत चार्ल्स नदी गोठते, आणि त्या पुलावरचा वारा कृष्णाकांठच्या पोरास थंडी या शब्दाचा नवा अर्थ शिकवितो.

या विद्यार्थ्यांचा दिवस कसा जाई? पहिल्या वर्षीं सर्वांना गणित, रसायन, पदार्थविज्ञान, इंग्रजी आणि यंत्ररेखन हे विषय एकत्रच असत. पुढें यांत्रिक शाखेंत गेल्यावर एकीकडे बलशास्त्र, उष्णतेचें शास्त्र, इंजिनांची रचना. आणि दुसरीकडे लाकडी पॅटर्न करणें, ओतकाम, लोहारकाम व लेथवरचें कातकाम. सकाळीं व्याख्यानाच्या दालनांत जो विद्यार्थी समीकरणें उतरून घेई, तोच दुपारीं बाह्या सरसावून भट्टीजवळ उभा राही. संस्थेच्या मुद्रेवर एका बाजूस हातोडा घेतलेला कामकरी आणि दुसऱ्या बाजूस ग्रंथ घेतलेला पंडित असून खालीं 'मन आणि हात' या अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. मुद्रेवर काय वाटेल तें कोरतां येतें. येथें तें वेळापत्रकांत होतें, ही विशेष गोष्ट. आपल्याकडे ब्राह्मणाच्या मुलानें हातोडा धरणें म्हणजे शिक्षणांत कांहींतरी बिघडलें, असें मानण्याचा तो काळ होता. शंतनुरावांना त्याचें अप्रूप वाटण्याचें कारण नव्हतें, कारण वाडींत त्यांनीं वडिलांनाच हातोडा धरलेलें पाहिलें होतें. नवीन होतें तें हें कीं, त्या हातोड्याच्या प्रत्येक घावामागें एक गणित असतें, आणि तें कागदावर मांडून दाखवितां येतें.

अभ्यासाचा रेटा मोठा होता. वर्षाच्या शेवटीं एकच परीक्षा द्यावयाची आणि मधले दिवस गप्पांत घालवावयाचे, ही हिंदी कॉलेजांची रीत तेथें चालत नसे. रोजचें काम रोज द्यावें लागे, आणि प्रयोगाचें टिपण चुकलें तर तो प्रयोगच पुन्हां करावा लागे. आणखी एक गोष्ट हिंदी माणसाचें लक्ष वेधणारी होती. १८६२ च्या अमेरिकन कायद्यानें ज्या संस्थांना सरकारी जमिनींचा लाभ झाला, त्यांनीं लष्करी शिक्षणही द्यावें असा दंडक होता. त्यामुळें या यंत्रविद्येच्या अभ्यासक्रमांतही कवायतीस स्थान होतें. ज्या देशांत १८७८ च्या कायद्यानें परवान्याविना शस्त्र बाळगणें गुन्हा ठरला होता, त्या देशाच्या तरुणास कॉलेजच्या पटांगणावर बंदुका घेऊन चाललेले विद्यार्थी पाहून काय वाटलें असेल, याची कल्पना करावी.

त्या चार वर्षांतली अमेरिका हीसुद्धां एक शाळाच होती. डॉलरला तेव्हां तीन रुपयांहून थोडें अधिक पडे. फोर्डच्या कारखान्यांत मोटारींचा असा प्रवाह वाहत होता कीं, १९२४-२५ च्या सुमारास साधी मोटार तीनशें डॉलरांच्या आंत मिळूं लागली. म्हणजे बेळगांवांत रामूअण्णा ज्या किंमतीस एक सायकल विकीत, त्याच किंमतीस डेट्रॉइटची मोटार! यंत्र स्वस्त कसें करावें, याचा याहून मोठा धडा कोणत्या पुस्तकांत मिळणार होता?

पण त्याच अमेरिकेनें दाराला कडी घालण्यासही त्याच वर्षांत आरंभ केला. १९२३ सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'गोरा' नसल्यामुळें त्याला अमेरिकन नागरिकत्व मिळणार नाहीं. १९२४ च्या कायद्यानें आशियाई लोकांच्या वसाहतीस जवळजवळ बंदीच झाली. विद्यार्थ्यांना त्यांतून वाट ठेवलेली होती. शिका आणि परत जा, असा त्या वाटेचा अर्थ. ज्यांना तेथेंच राहावयाचें होतें त्यांच्यावर हा आघात होता. किर्लोस्करांच्या मुलांना परतच जावयाचें होतें, तरी आपण ज्या देशांत शिकतों तेथें आपला दर्जा कोणता, हें वर्तमानपत्रांत वाचणें कोणासही सुखाचें झालें नसणार.

यापेक्षां मोठा आघात घरचाच होता. माधवरावांना क्षयानें गांठलें. त्या रोगावर तेव्हां औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास अजून वीस वर्षांचा अवकाश होता. मोकळी हवा, अंथरुणावर संपूर्ण विश्रांति, सकस अन्न आणि दैव, एवढाच उपचार होता. मिरजेस डॉक्टर वानलेस यांच्या मिशनचें मोठें रुग्णालय होतें आणि जवळच क्षयरोग्यांसाठीं त्यांनीं आरोग्यधाम उभारलें होतें, त्यामुळें वाडीच्या माणसांना या रोगाचें नांव आणि त्याचा शेवट अपरिचित नव्हता. माधवरावांचा अभ्यास सुटला, आणि त्या दुखण्यांतून ते उठले नाहींत. दोघे मिळून गेलेल्या भावांपैकीं एकानेंच पुढचा अभ्यास पुरा करावयाचा होता. परदेशच्या शिक्षणाचा खर्च मांडतांना आपण बोटीचें भाडें, फी आणि खोलीचें भाडें मांडतों. त्या काळच्या कित्येक घरांनीं दिलेली किंमत त्या वहींत सांपडत नाहीं.

आतां दुसऱ्या केंब्रिजकडे वळावयाचें. महाजनींचा जन्म १८९८ चा. ते फर्ग्युसन कॉलेजांतून पुढें आलेले विद्यार्थी, आणि फर्ग्युसनमध्यें गणित म्हटलें कीं रघुनाथराव परांजपे यांचें नांव आलेंच. परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रास जणूं एखादें युद्ध जिंकल्यासारखा आनंद झाला होता. महाजनी सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाले, तेव्हां ती शर्यत राहिली नव्हती. १९०९ नंतर अनुक्रमानें नांवें लावण्याची पद्धत केंब्रिजनें बंद केली. रँग्लर ही पदवी राहिली. पण पहिला कोण आणि दुसरा कोण, हें जाहीर होईनासें झालें. म्हणजे जी पताका पाहून इकडची मुलें तिकडे ओढलीं गेलीं, ती ती पोंचण्यापूर्वींच उतरविलेली होती!

तेथील दिनक्रम पाहिला तर एखाद्या मठाची आठवण व्हावी. अंधार पडल्यावर काळा झगा अंगावर घातल्याविना विद्यार्थ्यानें रस्त्यावर दिसूं नये. दिसल्यास प्रॉक्टर नांवाचा अधिकारी दोन शिपायांसह त्याला हटकी आणि सहा शिलिंग आठ पेन्सांचा दंड करी. रात्रीं दहाला कॉलेजचे दरवाजे बंद होत. उशीर करणाराचें नांव लिहिलें जाई. भोजन दालनांत, झगा घालून, सर्वांबरोबर. खोलींत कोळशाची शेगडी; तिच्याकडे तोंड केलें तर पाठ गारठे, आणि पाठ केली तर हात. वर्षांत आठ-आठ आठवड्यांच्या तीन टर्म्स. बाकीचें अर्धें वर्ष सुट्टी. पण खरा अभ्यास सुट्टींतच होई, असें जाणते विद्यार्थी म्हणत. व्याख्यानांपेक्षां महत्त्वाची भेट म्हणजे आठवड्याला मार्गदर्शकापुढें बसून सोडविलेलीं उदाहरणें दाखविण्याची. तेथें चुकीस लपण्यास जागा नसे.

वरून हा जुनाट सोहळा, आणि आंत काय चाललें होतें? कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत रदरफर्ड अणूचा गाभा फोडीत होते. सेंट जॉन्समध्येंच जोसेफ लार्मर यांच्यासारखे ज्येष्ठ गणिती होते, आणि १९२३ च्या ऑक्टोबरांत त्याच कॉलेजांत ब्रिस्टलहून एक अबोल संशोधक विद्यार्थी दाखल झाला, त्याचें नांव पॉल डिरॅक. दहा वर्षांनीं त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थविज्ञान मुळापासून बदलत होतें, आणि त्या बदलाच्या ऐन वेळीं साताऱ्याचा एक तरुण तेथें होता. महाजनी नुसते रँग्लर होऊन थांबले नाहींत. त्यांनीं स्मिथ पारितोषिक मिळविलें, आणि लोहचुंबकी स्फटिकांच्या उपपत्तीवरील त्यांचा निबंध १९२९ सालीं रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत छापला गेला. गंमत अशी कीं, दोघांचाही विषय एका अर्थीं लोखंड हाच होता. एकजण तें वितळवून साच्यांत ओतावयास शिकत होता, दुसरा त्याच्या आंतील अणूंच्या मांडणीचें गणित करीत होता.

या दोघांची तुलना करून एकास वर आणि दुसऱ्यास खालीं बसविण्याचा मोह टाळलेला बरा. कॅमकांठच्या विद्यार्थ्याच्या दिवसांत हातोड्यास जागा नव्हती, हें खरें. परंतु त्यामुळें त्याची विद्या उणी ठरत नाहीं. दोघांत एक साम्य मात्र आहे, आणि तेंच त्यांना इतर पुष्कळ 'विलायत-पलट' मंडळींपासून वेगळें करतें. दोघांचीही जागा घरीं तयार होती. जपानांत, जर्मनींत, अमेरिकेंत जाऊन कांच, साबण, आगकाड्या, कातडें करण्याची विद्या शिकून आलेले कितीतरी तरुण या शतकाच्या आरंभीं परत आले आणि कारखाना नाहीं, भांडवल नाहीं, म्हणून कोठेंतरी कारकुनी किंवा मास्तरकी करीत राहिले. शंतनुराव १९२६ सालीं पदवी घेऊन परतले, तेव्हां वाडींतली भट्टी त्यांची वाट पाहत होती. महाजनी परत आले, तेव्हां डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें दार उघडें होतें. आजीव सभासदांनीं वीस वर्षें अल्प वेतनावर सेवा करावयाची, ही तिची जुनी प्रथा सर्वांस ठाऊक आहे.

परत आल्यावर सर्व सुरळीत झालें असें समजूं नये. अमेरिकेंतील कारखान्यास हवा तसा पोलादी माल तारेसरशी मिळे. येथें तो येण्यास महिने लागत. तेथील गिऱ्हाईक यंत्राचा हिशेब करी. येथील शेतकरी आधीं पावसाचा हिशेब करी. थोड्याच वर्षांत जगभर मंदी आली, धान्याचे भाव कोसळले आणि नांगर विकत घेणाराचा हातच आंखडला. त्या दिवसांत वाडीनें पोलादी खुर्च्या-कपाटेंही केलीं. परंतु पाणी उपसण्याचे पंप, लेथ, इंजिनें हा जो मार्ग पुढें धरला गेला, त्याला चार्ल्सकांठचें गणित लागलें. १९४१ सालीं हरिहर येथें लेथ तयार करणारा कारखाना निघाला. १९४६ सालीं पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या मोटारींचा. लक्ष्मणराव १९५६ पर्यंत हयात होते; ज्या हिशेबानें त्यांनीं मुलास पाठविलें, तो जुळलेला त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. महाजनी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. नंतर जयपुरास नव्या राजपुताना विश्वविद्यालयाचे पहिले कुलगुरु, मग दिल्लीचे आणि १९७२ ते १९७५ पर्यंत पुण्याचे कुलगुरु म्हणून त्यांनीं काम केलें.

एक गोष्ट मात्र या दोघांच्या हकीकतींत येऊं शकत नाहीं, आणि ती सांगितल्याविना सातारची हकीकत अपुरी राहील. या दोघांच्याही घरीं विद्या होती. ज्याच्या घरांत पाटीपेन्सिलही नाहीं, त्या कुणब्याच्या पोरानें समुद्र कसा ओलांडावा? याचें उत्तर ज्यानें शोधलें, तो मनुष्य एके काळीं किर्लोस्करांचे नांगर गांवोगांव विकीत हिंडत होता. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. शंतनुराव ज्या दिवसांत केंब्रिजच्या भट्टीजवळ उभे होते, त्याच दिवसांत साताऱ्यांत ब्राह्मण, मराठा, महार, मुसलमान मुलें एका पंक्तीस जेवत होतीं, दळण, झाडलोट आणि शेतकाम करीत होतीं आणि रात्रीं दिव्याजवळ बसून वाचीत होतीं. 'मन आणि हात' हे लॅटिन शब्द त्यांच्यापैकीं कोणीं ऐकले नव्हते. १९२७ सालीं गांधीजी त्या वसतिगृहास भेट देऊन गेले.

त्या वसतिगृहांत वाढलेल्या विद्यार्थ्यांपैकीं पी. जी. पाटील हे पुढें इंग्लंडला गेले आणि बॅरिस्टर होऊन आले. पदवी तीच, धक्काही तोच. पण ते मुंबईच्या हायकोर्टाची पायरी न चढतां साताऱ्यास आले आणि भाऊरावांच्या संस्थेंत शिकवूं लागले. १९४७ सालीं तेथें निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत विद्यार्थी सकाळीं शेतांत काम करीत आणि मग वर्गांत येऊन बसत.